भोपळ्याचे खारे पाव

मुलांनो, लाल भोपळा म्हणजे तुमचा कद्दू. अख्खा भोपळा महिनोन्महिने टिकतो; पण एकदा चिरला की दोन-चार दिवसांत संपवावा लागतो. मराठवाड्यात त्याचे गुळाचे घारगे करतात. त्याचे खारे पावही छान होतात.

अर्ध्या वाटी कोमट पाण्यात २ लहान चमचे सुके यीस्ट व थोडी साखर घालावी. यीस्ट म्हणजे खमीर. ते जिवंत असते. कढत पाण्यात ते मरते आणि मग पाव फुगत नाहीत. म्हणून शिजवलेला भोपळाही गार करूनच घ्यावा.

१० मिनिटांत फेस येतो. त्यात अर्धा किलो मैदा, पाव किलो कुस्करलेला भोपळा, मीठ, जिरे व तिखट घालून पीठ मळावे. भोपळ्यात मुळातच भरपूर पाणी असते. म्हणून वरून पाणी बेताने घालावे. तासाभरात पीठ दुप्पट होते. त्याचे गोळे करून अर्धा तास झाकून ठेवावेत. नंतर तापलेल्या ओव्हनमध्ये सुमारे २० मिनिटे भाजावेत.

शब्दार्थ
कोमट – थोडे गरम
कढत – खूप गरम
बेताने – जपून, थोडे थोडे

स्वाध्याय
१. भोपळा गार करून का घ्यावा?
२. घरातील एका पदार्थाची कृती मराठीत लिहा.