भाताचे शत्रु आणि भाताचे मित्र

गेल्या पावसाळ्यांत आमच्या आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें भाताचें एक रोप वर्गांत आणिलें. रोप बाहेरून हिरवेंगार. मधला पोंगा मात्र तपकिरी होऊन वाळलेला. मुलानें तो चिमटींत धरून ओढतांच अलगद हातीं आला. त्याचें बूड कुरतडलेलें होतें. “सर, वडिलांनीं औषधाची बाटली आणून ठेविली आहे. शनिवारीं फवारणार आहेत. फवारावें ना?” असें त्यानें विचारिलें. त्या तासास आम्हांस नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देत आहों, आणि विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या घरच्या वडील मंडळींनींही तें वाचावें अशी आमची इच्छा आहे.

भोर व वेल्हे यांच्या डोंगरी भागांत पावसाळ्यांतील मुख्य पीक भाताचें. पूर्वींचा वासाचा आंबेमोहर अजून कोठें कोठें आहे. पुष्कळ खाचरांतून आतां 1987 सालीं वडगाव मावळच्या संशोधन केंद्रांतून बाहेर पडलेली इंद्रायणी डोलतांना दिसते. पिवळा खोडकिडा या दोघांपैकीं कोणासही सोडीत नाहीं. त्याच्या पतंगाची मादी पानाच्या शेंड्यापाशीं पुंजक्यानें अंडीं घालते व तो पुंजका आपल्या अंगावरील पिंगट केसांनीं झांकून टाकिते. अंड्यांतून निघालेली अळी खोड पोखरून आंत शिरते. रोप कोवळें असतां मधला पोंगा मरतो, त्यास गाभेमर म्हणतात. पुढें निसवणीच्या वेळीं अळी आंत असली तर लोंबी पांढरी व पोचट बाहेर पडते, ती पळिंज. पळिंजांत दाणा मुळींच भरत नाहीं.

आतां औषधाचा विचार करूं. अळी एकदां खोडांत शिरली म्हणजे ती घरास आंतून कडी लावून बसल्यासारखी होते. वरून फवारलेलें औषध तिच्यापर्यंत सहजासहजीं पोहोंचत नाहीं. मग तें लागतें कोणास? पानांमधून हिंडणाऱ्या कोळ्यांस, चतुर व टाचण्यांस, ढालकिड्यांस, आणि खोडकिड्याच्या अंड्यांत आपलीं अंडीं घालणाऱ्या अगदीं बारीक गांधीलमाश्यांस. हे सर्व भाताचे फुकटचे राखणदार होत!

हा नुसता तर्क नव्हे. इंडोनेशिया देशांत सरकारनें कीटकनाशकें शेतकऱ्यांस पुष्कळ वर्षें सवलतीनें पुरविलीं. त्याचें फळ असें झालें कीं, तपकिरी तुडतुडा, जो एरव्हीं किरकोळ कीड म्हणून गणला जाई, तो अतोनात माजला. तुडतुड्याचीं अंडीं रोपाच्या आंत असल्यानें औषधांतून वांचतात. कोळी मात्र मरतात. पिल्लें बाहेर पडतात तों त्यांस खाणारा कोणी शिल्लक नसतो. शेवटीं 1986 सालीं राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनीं 57 कीटकनाशकें भातावर वापरण्यास बंदी केली, पुढें सवलतही काढून घेतली, आणि तरीही त्या देशांत भाताचें उत्पन्न घटलें नाहीं. 1989 पासून तेथें शेतकऱ्यांस बांधावर बसवून किडी मोजावयास शिकविणाऱ्या शाळा सुरू झाल्या. आपल्याकडील शेतीशाळा त्याच वळणाच्या आहेत.

मग हातांवर हात ठेवून बसावें काय? मुळींच नाहीं. आवणीच्या वेळीं रोपांचे शेंडे खुडले तर शेंड्यांवरील अंडीं त्यांबरोबरच जातात. यास पैसा लागत नाहीं. मात्र खुडलेले शेंडे खाचरांत न टाकतां पुरून टाकावे. डॉ. नारायण सावंत यांनीं प्रचारांत आणिलेल्या चारसूत्री भातशेतींत रोपवाटिकेंत भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात. राखेंतील सिलिका रोपांत जाऊन खोड टणक होतें व अळीस तें पोखरणें जड जातें. (आपले वाडवडील राब भाजीत, त्याचीही राख वाफ्यांतच राही, पण त्यासाठीं झाडें किती छाटलीं जात, हेंही विसरूं नये.) युरिया मात्र हात राखून घालावा, त्याच्या अतिरेकानें रोप लुसलुशीत होतें व किडीस मेजवानी मिळते. भात जमिनीलगत कापावें आणि कापणीनंतर धसकटें नांगरून काढावीं, कारण अळी त्यांत दडून राहते. हें शेवटचें काम आपल्याकडे फार थोडे करितात, अशी आमची तक्रार आहे. पतंग पकडण्यासाठीं हेक्टरी 20 कामगंध सापळे लावितां येतात. आणि वर सांगितलेल्या बारीक माश्यांपैकीं ट्रायकोग्रामा नांवाची माशी कागदी पट्ट्यांवर वाढवून शेतांत सोडतां येते.

बांध पोखरणाऱ्या खेकड्यांसाठीं कोणी विषारी आमिष ठेवितात. तें आम्हांस पसंत नाहीं. पहिल्या पावसांत रात्रीं बत्ती घेऊन खेकडे धरणारीं मुलें ज्या गांवीं आहेत, तेथें त्या विषाची गरज काय? शिवाय वेल्ह्याच्या ओढ्यांचें पाणी पानशेत व वरसगांवच्या धरणांत जाऊन पुणें शहरास पिण्यास जातें, आणि भोरकडील येळवंडीचें पाणी भाटघरांतून नीरेच्या कालव्यांस मिळतें. खाचरांतलें विष खाचरांतच राहतें असें कोणीं समजूं नये.

औषध केव्हां मारावें, याचीही मर्यादा कृषितज्ज्ञांनीं घालून दिली आहे: चौरस मीटरास अंड्यांचा एक पुंजका, अथवा शेंकडा 5 गाभेमर. त्याच्या आंत असतां वाट पाहावी. शुक्रवारीं शाळा सुटल्यावर आम्ही त्या मुलाबरोबर त्याच्या खाचरांत गेलों. कोपऱ्यांतील व मधल्या मिळून 20 चुडांचे फुटवे मोजले. ते 312 भरले, पैकीं गाभेमर झालेले 9. शेंकडा 3 देखील नव्हते. वडिलांच्या तोंडावर अविश्वास स्पष्ट दिसत होता, तथापि त्यांनीं आठ दिवस थांबण्याचें कबूल केलें. त्या आठ दिवसांत आम्हांसही शांत झोंप लागली नाहीं. पीक त्यांचें, शब्द आमचा. पुढल्या शुक्रवारीं दुसरे 20 चूड मोजले: 326 फुटव्यांत 12, म्हणजे शेंकडा पावणेचारांच्या आंत. वडिलांनीं त्या दिवशीं स्वतः मोजलें, व कोळी किती दिसले तेंही पोरास वहींत लिहावयास सांगितलें.

कापणीच्या वेळीं थोडें पळिंज निघालेंच. दुकानदार न उघडलेली बाटली परत घेईल काय, अशी चौकशी वडिलांनीं परवां मुलाकरवीं आमच्याकडे केली आहे.