अनुमानाची कसोटी

मनुष्याच्या बोलण्यांत दावे फार आणि पुरावे थोडे असतात. अमुक औषधानें ताप हटकून उतरतो, अमुक दुकानाचें माप पुरें भरतें, अमुक शिकवणीस जाणारा विद्यार्थी कधीं नापास होत नाहीं, अशीं विधानें ठाण्याच्या बाजारांत, कल्याणच्या फलाटावर आणि डोंबिवलीच्या घराघरांतून नित्य कानीं पडतात. यांतलें खरें कोणतें आणि निव्वळ योगायोगाचें कोणतें, हें ओळखण्याचें एक साधन संख्याशास्त्रानें आपल्या हातीं दिलें आहे. त्यास ‘गृहीतकाची कसोटी’ असें म्हणतात. नांव भारदस्त असलें तरी तिचें मर्म शाळेंतील अंकगणिताच्या आटोक्यांतलें आहे. आपल्याच प्रांतांत घडलेल्या एका हकीकतीच्या आधारें तें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावें, असें आम्हीं योजिलें आहे.

सन १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं मुंबईच्या मांडवी भागांत प्लेगचा रोगी ओळखला. पाहतां पाहतां साथ शहरभर पसरली आणि लोक जीव मुठींत धरून बाहेर पडूं लागले. जी आगगाडी १८५३ सालीं ठाण्यास व १८५४ सालीं कल्याणास येऊन पोंचली होती, तिच्याच वाटेनें माणसांबरोबर प्लेगही ठाणें जिल्ह्यांत शिरला. डॉ. वाल्डेमार हाफकिन हे त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा प्रयोगशाळेंत त्यांनीं प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजीं ती त्यांनीं प्रथम स्वतःसच टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग उद्भवला, तेव्हां जे कैदी राजी झाले त्यांस ती टोचण्यांत आली. निकाल असा नोंदला गेला : टोचलेल्या १४७ कैद्यांपैकीं २ आजारी पडले, मृत्यु एकही नाहीं, न टोचलेल्या १७२ कैद्यांपैकीं १२ आजारी पडले, त्यांतील ६ दगावले.

हे आंकडे वाचून कोणीही म्हणेल कीं लस गुणकारी ठरली. परंतु एखादा शंकेखोर विचारील, “प्लेग कोणास गांठील याचा नेम काय? लस पाण्यासारखी निरुपयोगी असती, तरी नशिबाच्या फेऱ्यानें एका गटांत दोन व दुसऱ्यांत बारा पडले नसते कशावरून?” ही शंका हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. तिला उत्तर द्यावयाचें तर तिचेंच म्हणणें क्षणभर खरें धरून चालावें, हीच या कसोटीची युक्ति होय.

पहिली पायरी अशी : ‘लसीनें कांहींच फरक पडत नाहीं’ असें धरावें. यास ‘शून्य गृहीतक’ म्हणतात. न्यायालयांत आरोपीस आरंभीं निर्दोष मानतात, त्यांतलाच हा प्रकार आहे. दुसरी पायरी : किती पुरावा मिळाला असतां हें गृहीतक टाकून द्यावयाचें, तें आंकडे पाहण्यापूर्वींच ठरवावें. सामान्यतः शेंकडा ५ ही मर्यादा धरतात. म्हणजे योगायोगानें एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरांत पांचांहून कमी वेळां पडत असेल, तरच योगायोगाची सबब नाकारावयाची. तिसरी पायरी हिशेबाची आहे.

टोचलेल्यांत आजाऱ्यांचें प्रमाण शेंकडा १.३६ व न टोचलेल्यांत शेंकडा ६.९८, फरक ५.६२. शून्य गृहीतक खरें असेल तर दोन्ही गट वस्तुतः एकच. म्हणून ते एकत्र धरले असतां ३१९ पैकीं १४, म्हणजे ०.०४३९ हें समाईक प्रमाण मिळतें. यास ०.९५६१ नें, म्हणजे निरोग्यांच्या प्रमाणानें, गुणावें. त्या गुणाकारास १/१४७ व १/१७२ यांच्या बेरजेनें पुन्हां गुणून वर्गमूळ काढावें. उत्तर ०.०२३०, म्हणजे शेंकडा २.३०, येतें. यास ‘प्रमाण त्रुटि’ म्हणतात; केवळ योगायोगानें फरक साधारण किती हेलकावे खाईल, याचें हें माप आहे. आतां ५.६२ ला २.३० नें भागलें असतां २.४४ येतात. शेंकडा ५ च्या मर्यादेस हा भागाकार १.९६ हून मोठा असावा लागतो. येथें तो मोठा आहे. एवढा फरक दैवयोगानें पडण्याचा संभव शेंकडा सुमारे दीडच भरतो. आजाऱ्यांची संख्या लहान असल्यामुळें हा हिशेब अदमासाचा आहे. पण अधिक नेमक्या रीतीनें केला तरी उत्तर पांचाच्या आंतच राहतें. तेव्हां शंकेखोराचें गृहीतक टाकून देणें रास्त ठरतें.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. ‘संभव शेंकडा दीड’ याचा अर्थ ‘लस निरुपयोगी असण्याचा संभव शेंकडा दीड’ असा कोणी करूं नये. लस निरुपयोगी असती तर असे आंकडे किती विरळा दिसले असते, एवढेंच तो सांगतो. दुसरें असें कीं, कोणास टोचावयाचें हें येथें चिठ्या टाकून ठरलें नव्हतें. राजी झालेले एका बाजूस व नाराज दुसऱ्या बाजूस होते. जे राजी झाले तेच मुळांत अधिक सशक्त किंवा दक्ष असतील, तर फरकाचें कांहीं श्रेय त्यास जाईल. हा दोष कोणत्याही गणितानें धुऊन निघत नाहीं. म्हणूनच पुढील काळांत प्रयोगाचे गट चिठ्या टाकून पाडण्याची पद्धति रूढ झाली.

प्रमाणाची कसोटी झाली. आतां सरासरीची पाहूं. समजा, कल्याणच्या एका व्यापाऱ्यानें प्रत्येक पोत्यांत २५ किलो तांदूळ असल्याचें सांगितलें. आपण ३६ पोतीं वजन करून पाहिलीं, सरासरी २४.७ किलो भरली व वजनांचें प्रमाण विचलन ०.६ किलो आलें. प्रमाण विचलनास पोत्यांच्या संख्येच्या वर्गमूळानें, म्हणजे ६ नें, भागलें कीं प्रमाण त्रुटि ०.१ येते. तूट ०.३ किलो, म्हणजे प्रमाण त्रुटीच्या तिप्पट. मर्यादा येथें २.०३ आहे, तेव्हां व्यापाऱ्याचा दावा टिकत नाहीं. परंतु हीच तूट व हेंच विचलन अवघ्या ९ पोत्यांत आढळलें असतें तर? त्रुटि ०.२, भागाकार १.५ आणि मर्यादा २.३१. व्यापाऱ्यास दोषी ठरविण्यास एवढा पुरावा पुरा पडला नसता. मात्र तेवढ्यानें त्याचें माप खरें असल्याचेंही सिद्ध झालें नसतें. लहान नमुन्यास अधिक कडक मर्यादा लावण्याची ही रीत डब्लिन येथील गिनेस मद्यशाळेंत काम करणारे विल्यम गॉसेट यांनीं १९०८ सालीं ‘स्टूडंट’ या टोपणनांवानें प्रसिद्ध केली.

या कसोटींत चूक दोन तऱ्हांनीं होऊं शकते. निरुपयोगी लस गुणकारी ठरविणें ही एक, व गुणकारी लस निरुपयोगी म्हणून फेंकून देणें ही दुसरी. पहिलीनें लोक खोट्या भरंवशावर विसंबून मरतात; दुसरीनें हाताशीं असलेला उपाय न मिळाल्यामुळें मरतात. मर्यादा कडक केली तर पहिली चूक घटते, पण दुसरी वाढते. दोन्ही एकदम घटवावयाच्या तर नमुना मोठा घ्यावा लागतो. या दोन चुकांचा पद्धतशीर विचार येर्झी नेमन व ईगन पिअर्सन यांनीं १९३३ सालीं मांडला. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग सुखात्मे यांनीं लंडनास याच गुरूंच्या हाताखालीं अध्ययन केलें, आणि पुढें नमुना-पाहणीची विद्या हिंदुस्थानांतील पिकांचा अदमास काढण्याच्या कामीं लाविली. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळ येथें गेली व १९२५ पासून ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, “आमच्या वर्गांतील २० पैकीं १८ मुलें उत्तीर्ण झालीं” अशी पाटी दिसतांच पाल्याचें नांव घालण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे : त्या वर्गास न गेलेलीं तशींच मुलें किती उत्तीर्ण झालीं? आणि वर्गांत मुलें घेतांना निवडून घेतलीं होतीं काय? या दोन प्रश्नांचें उत्तर मिळाल्यावांचून अठरा हा आंकडा मुका आहे.

विद्यार्थ्यांनीं सुटींत पुढील अभ्यास करून पाहावा. एक नाणें १०० वेळां उडवून छापा किती वेळां पडला तें लिहावें. नाणें खरें असल्यास अपेक्षा ५० व प्रमाण त्रुटि ५ आहे. छापा ६० वेळां पडला तर भागाकार २ येतो. तेव्हां नाण्यास खोटें म्हणावें काय? आणि वर्गांतील चाळीस मुलांनीं आपापलीं खरीं नाणीं अशींच उडविलीं, तर त्यांतील एकदोघांस तरी एवढा फरक आढळणें साहजिक नव्हे काय? हें ज्यास उमगलें त्यास या शास्त्राचा गाभा उमगला. ऐकलेल्या गोष्टीवर चटकन् विश्वास ठेवणें सोपें, व सर्वच खोटें म्हणणें त्याहून सोपें. पुराव्याच्या वजनाइतकाच विश्वास टाकणें हें मात्र अभ्यासानेंच साधतें.