प्रिंटरवर ‘पी०७’ आला म्हणजे यंत्र मेले नाही

घरगुती इंकजेट प्रिंटर आता केवळ घरगुती राहिलेला नाही. मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर एक टेबल, एक संगणक आणि बाजूला शाईच्या चार टाक्यांचा छोटा प्रिंटर एवढ्या भांडवलावर कितीतरी तरुणांची रोजी चालू आहे. रेशनकार्डाचे अर्ज, शाळा-कॉलेजचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आधार कार्डाची प्रत, दुकानदाराची बिले, सारे त्याच यंत्रातून निघते. घरी बसून शिकवणी घेणाऱ्या किंवा डिझाइनचे काम करणाऱ्या भगिनींचाही भार त्याच्यावरच असतो. असे यंत्र ऐन जून महिन्यात, दारात प्रवेशाची गर्दी असताना, दोन दिवे लुकलुकवून बंद पडते आणि पडद्यावर न समजणारे एक अक्षर व दोन अंक दाखवते. त्या क्षणी माणूस जो निर्णय घेतो त्यावर चारशे रुपये जातील की बारा-पंधरा हजार, हे ठरते.

भिवंडीतील एका फॉर्म भरून देणाऱ्या तरुणाची हकीगत अशीच आहे. त्याच्या यंत्रावर ‘पी०७’ आला. पाहायला आलेल्या कारागिराने ‘बोर्ड गेला’ असे सांगितले. हंगामाचे दिवस, थांबायला वेळ नाही. त्याने उधारीवर नवा प्रिंटर आणला आणि जुना भंगाराच्या भावाने देऊन टाकला. वास्तविक त्या यंत्राचा बोर्ड, हेड, मोटर सारे शाबूत होते. भरला होता फक्त आतला स्पंज. हा स्पंज काय आहे ते पुढे सविस्तर येईलच, पण आधी कोड वाचण्याची पद्धत पाहू.

कॅननच्या जी २०१० सारख्या छोट्या पडद्याच्या यंत्रांवर कोड ‘ई’ किंवा ‘पी’ या अक्षराने सुरू होतो. स्थूलमानाने ‘ई’ म्हणजे वापरणाऱ्याने स्वतः दूर करावयाची अडचण आणि ‘पी’ म्हणजे यंत्राने स्वतःहून काम थांबवावे अशी अडचण. त्याच वेळी संगणकावर चार अंकांचा सपोर्ट कोड दिसतो. ई०२ म्हणजे १०००, कागद संपला किंवा आत खेचला गेला नाही. ई०३ म्हणजे १३००, कागद अडकला. पी०२ म्हणजे ५१००, शाईचे हेड वाहून नेणारी कॅरेज अडली. पी०७ म्हणजे ५बी००, वाया गेलेली शाई शोषणारे पॅड भरले. ज्या यंत्राला पडदाच नाही, उदाहरणार्थ जी १०१०, त्यात धोक्याचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. केवळ तोच दिवा दोनदा लुकलुकला तर कागद नाही, तीनदा लुकलुकला तर कागद अडकला. चालू असल्याचा दिवा आणि धोक्याचा दिवा आळीपाळीने पेटू लागले तर मात्र दोष ‘पी’ वर्गातला आहे असे समजावे.

एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीला लावू नये. कॅननचा ई०३ म्हणजे कागद अडकणे, पण एचपीच्या डेस्कजेट २६०० व २७०० मालिकेत कागद अडकल्याचा कोड ई४ आहे आणि ई३ म्हणजे कॅरेज अडली. एप्सनच्या एल ३११० मध्ये कोडच नाही, कागदाचा व शाईचा दिवा आळीपाळीने लुकलुकणे हाच त्याचा ‘पॅड भरले’ असा निरोप. म्हणून कारागिराला फोन करताना ‘लाल लाइट लागली’ एवढेच न सांगता मॉडेलचे नाव, कोड आणि संगणकावरील अंक एका कागदावर लिहून मग सांगावे. यंत्र बंद करून चालू केले की तो निरोप कधी कधी निघून जातो, म्हणून लिहिणे आधी, बटण नंतर.

कागद असूनही ई०२ येत असेल तर बहुधा दोष रबरी रोलरचा असतो. कागदाची भुकटी त्याच्यावर साचते, रोलर गुळगुळीत होतो आणि कागद पकडत नाही. किंचित ओलसर, धागे न सुटणाऱ्या फडक्याने तो फिरवून पुसला की पुष्कळदा काम होते. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतो. रिम उघडल्यावर उरलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि ट्रेमध्ये घालण्यापूर्वी गठ्ठा हवेत सोडून मोकळा करावा. ट्रे काठोकाठ भरण्याची सवय वाईट.

कागद अडकला तर प्रथम विजेची पिन काढावी आणि दोन्ही हातांनी, सावकाश, तुकडा न पाडता कागद ओढावा. बाहेर आलेला कागद टेबलावर पसरून पूर्ण आहे का ते पाहावे. आत राहिलेला बोटभर तुकडाच पुढे पी०२ होऊन भेटतो.

पी०२ किंवा ५१०० पाहून घाबरण्याचे कारण नाही. कॅरेजला जाण्या-येण्याचा रस्ता मोकळा नाही, किंवा आपण कुठे आहोत हे तिला कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नव्या यंत्रात कंपनीने लावलेली रंगीत टेप काढायची राहते, हेडचे झाकण नीट दाबलेले नसते, मुलांनी आत टाकलेले पेन्सिलचे टोक असते. हे सर्व पाहूनही कोड गेला नाही तर कॅरेजच्या मागे आडवी ताणलेली एक पारदर्शक पट्टी पाहावी. तिला एन्कोडर स्ट्रिप म्हणतात. तिच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक रेषा असतात आणि त्या मोजूनच कॅरेजला आपली जागा कळते. शाईचा किंवा तेलाचा डाग पडला की मोजणी चुकते आणि कॅरेज एका बाजूला आदळते. ही पट्टी पाण्याने अगदी किंचित ओलसर केलेल्या फडक्याने हलक्या हाताने पुसावी. स्पिरिट किंवा थिनर लावू नये, रेषाच पुसल्या जाण्याची भीती असते. पट्टी निघून आली तर कशी बसवायची याची खात्री नसेल त्याने हात लावू नये. कॅरेज ज्या दांड्यावर सरकते त्याचे ग्रीसही पुसू नये. घाण समजून ते पुसणारे बरेच आहेत. कोड ६००० आला तर कॅरेजऐवजी कागद सरकवणारी यंत्रणा पाहावी. पाठीमागच्या ट्रेमध्ये टाचणी, क्लिप, नाणे यांपैकी काहीतरी सापडते.

हेडचा दोष याहून महाग. कॅनन व एचपीच्या यंत्रांत शाईचा थेंब उष्णतेने उडवला जातो: सूक्ष्म तापक तापतो, शाईत बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. एप्सनच्या हेडमध्ये उष्णता नसून विजेने वाकणारे पिझो स्फटिक थेंब ढकलतात. पहिल्या पद्धतीत शाईच हेडला थंड ठेवते. टाकी खालच्या रेषेच्याही खाली गेली, नळीत हवा शिरली आणि तरी छपाई चालूच ठेवली तर तापक कोरडा जळतो. मग ५२०० किंवा बी२०० असे कोड येतात. बी२०० आल्यावर यंत्र ताबडतोब बंद करून पिन काढावी, पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. कॅननच्या जी मालिकेत काळे व रंगीत हेड वेगवेगळे विकत मिळते, हा दिलासा आहे. तथापि दोष हेडचा आहे की बोर्डाचा हे तपासल्याशिवाय नवे हेड बसवू नये. ते बसवूनही कोड तसाच राहिला तर पैसे दोनदा जातात.

आता पॅडविषयी, कारण या धंद्यात सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

प्रिंटर शाई फक्त कागदावर खर्च करत नाही. चालू करताना, हेड साफ करताना, बराच वेळ पडून राहिल्यावर तो थोडी शाई स्वतःच ओढून बाहेर टाकतो. ही शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या जाड स्पंजात जाते. कडांपर्यंत बिनबॉर्डरचे फोटो काढताना कागदाबाहेर उडालेली शाईही शोषून घ्यावी लागते. यंत्रात वजनकाटा नसतो. प्रत्येक सफाईला किती शाई गेली याचा हिशेब बोर्डावरील काउंटर मांडत राहतो आणि ठरलेला आकडा गाठला की यंत्र स्वतःला कुलूप लावते. त्यापूर्वी कॅननमध्ये ई०८, म्हणजे १७०० हा इशारा येतो. इशारा आला तरी छपाई चालू राहते, म्हणून लोक तो बटण दाबून पुढे ढकलतात. वास्तविक हाच पॅड मागवण्याचा दिवस.

पूर्वी हा कोड क्वचित दिसे. कार्ट्रिज महाग, त्यामुळे घरी छपाईच थोडी. लोक कार्ट्रिजला भोके पाडून बाहेरच्या बाटल्या जोडू लागले, तेव्हा एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात टाकीचा प्रिंटर प्रथम बाजारात आणला. कॅननची जी मालिका २०१५ मध्ये आली. पानामागचा खर्च घसरला आणि घरासाठी बनवलेले यंत्र दुकानाचे काम करू लागले. टाकी कितीही वेळा भरता येते, स्पंजाची धारणा मात्र मर्यादितच आहे.

कुलूप उघडण्यासाठी कारागीर संगणकावरून रिसेट सॉफ्टवेअर चालवतो. त्याने काउंटर शून्य होतो, कोड जातो, छपाई सुरू होते आणि गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देते. परंतु स्पंज तेवढाच भिजलेला असतो. एकदा असे केले तर काही काळ निभते, कारण काउंटर थोडा आधीच थांबवतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तसेच केले की शाई तळातून गळू लागते. प्रथम टेबलावर काळा डाग दिसतो, मग शाई यंत्राच्या विजेच्या भागापर्यंत पोहोचते, आणि त्या वेळी मात्र बोर्ड खरोखरच जातो. स्पंज बदलून किंवा निदान काढून, धुऊन, पूर्ण वाळवून बसवणे आणि त्यानंतरच काउंटर शून्य करणे, ही योग्य पद्धत. काम कठीण नाही, पण मळकट आहे. हातमोजे आणि खाली वर्तमानपत्रांचा जाड थर हवा. इंटरनेटवरून फुकट मिळणारी रिसेट सॉफ्टवेअरे स्वतः चालवू नयेत. ती चालू होण्यासाठी अँटिव्हायरस बंद करण्यास सांगतात, आणि त्याच संगणकावर गिऱ्हाइकांची आधार कार्डे व बँक पासबुके स्कॅन करून ठेवलेली असतात. ती आपल्याकडे अमानत आहेत.

पॅड लवकर भरू नये यासाठी दोन गोष्टी. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, भिंतीवरील स्विचने नाही. बटणाने बंद केल्यावर हेड आपल्या टोपणाखाली जाऊन बसते. स्विचने वीज तोडली तर ते उघडे राहून वाळू शकते, आणि मग सफाईत शाई जाते. दुसरे, फिकट पान दिसले की हेड क्लीनिंग लावण्याची घाई नको. आधी नोझल चेकचे पान काढावे. रेषा तुटल्या असतील तरच सफाई, फार तर दोनदा, आणि तरीही सुधारले नाही तर यंत्र बंद करून रात्रभर पडू द्यावे. सकाळी पुष्कळदा रेषा भरून आलेल्या दिसतात. सलग सहा वेळा ‘डीप क्लीनिंग’ लावणारा माणूस टाकीतली शाई स्पंजात ओतत असतो.

नवे यंत्र घेणाऱ्यांनी दुकानदाराला एकच प्रश्न अवश्य विचारावा: मेंटेनन्स कार्ट्रिज किंवा बॉक्स आपल्याला बदलता येतो का? कॅननच्या जी २०२० व जी ३०२० मध्ये तो वापरणाऱ्याला स्वतः काढून नवा बसवता येतो, जी २०१० मध्ये येत नाही. दुकानासाठी घ्यायचे तर हा फरक वायफायपेक्षा मोठा आहे.

जुन्या यंत्रांच्या बाजारात याहून सावध राहावे लागते. काउंटर शून्य करून, बाहेरून पुसून चकचकीत केलेला प्रिंटर ‘कमी वापरलेला’ म्हणून विकला जातो. मालातील दोष गिऱ्हाइकापासून लपवू नये ही आपल्याकडे व्यापाराची पहिली अट मानली आहे, आणि भिजलेला स्पंज हा दोषच आहे. विकणाऱ्याने तो सांगावा. घेणाऱ्याने यंत्राच्या खालचा भाग व मागची कड पाहावी, खाली पांढरा कागद ठेवून पंधरा मिनिटे थांबावे आणि कागदावर डाग येतो का ते तपासावे. वाहतुकीत यंत्र तिरके केल्यावर भरलेला स्पंज हमखास ओळख देतो.

दुरुस्तीहून यंत्र परत घेताना बिलावर ‘सर्व्हिसिंग’ असा एकच मोघम शब्द स्वीकारू नये. पॅड बदलले, धुतले, की केवळ काउंटर शून्य केला, हे तारखेसह लिहून घ्यावे आणि तीच तारीख यंत्राच्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून लावावी.