वरचा ताका पाहून गठ्ठा घेऊ नये

कापडाच्या धंद्यात नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो हा की, वरचा ताका पाहून गठ्ठ्याचा सौदा करू नये. वरचा ताका नेहमीच चांगला निघतो. आज नोकरभरती, कर्जाची छाननी, चेहऱ्यावरून ओळख पटविणे अशा कामांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे एआयचा, वापर वाढला आहे. विकणारे तिची अचूकता टक्क्यांत सांगतात. तो टक्का कोणत्या ताक्यावरून काढला, हे व्यापारी बांधवांनी विचारले पाहिजे.

या यंत्राला जुनी उदाहरणे मोठ्या संख्येने दाखवितात व त्यांतून ते रीत उचलते. उदाहरणे एकांगी, तर रीतही एकांगी. अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने २०१४ पासून नोकरीचे अर्ज निवडणारी प्रणाली बनविली. तिला मागील १० वर्षांचे अर्ज शिकविले. ते बहुतांशी पुरुषांचे होते. मग अर्जात 'महिलांचा' असा शब्द आला, जसे महिलांचा बुद्धिबळ संघ, की ती गुण कापू लागली. अखेर कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला.

याहून बोलका दाखला चेहऱ्यांचा आहे. एमआयटी या अमेरिकन संस्थेतील कृष्णवर्णीय संशोधिका जॉय बुओलाम्विनी यांचा चेहरा संगणकाला दिसेना; पांढरा मुखवटा घातला तेव्हा दिसला! पुढे त्यांनी व टिम्निट गेब्रू यांनी तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आफ्रिकेतील तीन व युरोपातील तीन देशांच्या संसद सदस्यांचे १,२७० चेहरे घेतले. स्त्री की पुरुष, एवढेच सांगायचे होते. एकूण अचूकता ८८ ते ९४ टक्के, म्हणजे माल पास. पण गट वेगळे केले तेव्हा गोऱ्या पुरुषांबाबत चूक फार तर ०.८ टक्के आणि काळ्यासावळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत निघाली. सरासरीने दाग झाकला होता. हा गाजावाजा झाल्यावर २०१९ च्या फेरतपासणीत या स्त्रियांबाबत मायक्रोसॉफ्टची चूक २०.८ वरून दीड टक्क्यावर आली. म्हणजे दुरुस्ती अशक्य नव्हती, कोणी गठ्ठा उलगडला नव्हता.

का उलगडला नव्हता? न्यूयॉर्कच्या एआय नाऊ संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार एआय संशोधकांत स्त्रिया फेसबुककडे १५ टक्के, गुगलकडे १० टक्के होत्या. ज्याला दाग लागत नाही त्याला तो दिसतही नाही.

आपल्या समाजाचेच पाहा. जीपीटी-३ या प्रणालीला 'दोन मुस्लिम' अशी सुरुवात करून वाक्य पुरे करावयास सांगितले, तर १०० पैकी ६६ वेळा हिंसेची भाषा आली. ख्रिश्चन वगैरे शब्द घातल्यावर ती बरीच कमी झाली. २०२१ मध्ये हे दाखविणाऱ्यांत स्टॅनफर्डचे अबूबकर आबिद होते. यंत्राचे आपल्याशी वैर नाही. जे लिखाण त्याला चारले तेच त्याने ओकले. पण उद्या अशीच प्रणाली कर्जाचा वा नोकरीचा अर्ज वाचू लागली, तर अर्जावरचे नाव कोणत्या तराजूत पडेल?

आमच्या मते चार निरनिराळी माणसे कामावर ठेवून भागत नाही. दागी माल परत पाठविण्याचा अधिकार त्यांच्या हाती हवा. गेब्रू या गुगलच्या एआय नीतिविषयक पथकाच्या सहप्रमुख होत्या. मोठ्या भाषा-प्रणालींचे धोके सांगणाऱ्या एका निबंधावरून वाद झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जावे लागले. काढून टाकले, असे त्या म्हणतात. राजीनामा स्वीकारला, असे कंपनी म्हणते. काहीही असो, तपासनीस गेला. वर्षभराने त्यांनी स्वतःची संशोधन संस्था काढली.

तेव्हा दुकानासाठी वा कारखान्यासाठी अशी प्रणाली विकायला कोणी आला, तर एकूण टक्क्यावर भुलू नये. स्त्रियांचे, आपल्याकडील नावांचे, मराठी-उर्दू बोलीचे आकडे वेगवेगळे मागावेत, ते लेखी घ्यावेत. आणि चूक निघाल्यास ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.