अट कुणी घातली?

तुमची मुलगी रात्री पांघरुणात फोन धरून काय वाचते, ते बहुधा मला ठाऊक आहे. नायक पुण्यातल्या बड्या कंपनीत साहेब असतो, कधी हसत नाही, आणि चौथ्या-पाचव्या प्रकरणात कळतं की तो खरा शापित राजपुत्र आहे. वय वर्षं चारशे. नायिका हॉस्टेलवर राहणारी साधी पोरगी, आणि शाप सुटायचा तो तिच्याच हातून. पात्रं बदलतात. कधी राजपुत्राच्या जागी यक्ष येतो, कधी माणसाचा लांडगा होणारा कुणी. पण चारशे वर्षांत त्याला दुसरी कुणी भेटली कशी नाही, हे कुठलीच गोष्ट सांगत नाही.

एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले, तरी पालक घरी येतात. परवा मंगळवार पेठेतली एक आई आली. "बाई, दहावीचं वर्ष, आणि ही राक्षसाच्या प्रेमात पडलीय!" फोन काढून घेतला होता. पोरगी तीन दिवस आईशी बोलत नव्हती. ताटावर बसायची, जेवायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची.

मला माझी दहावी आठवली. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली 'ययाति' मी भूगोलाच्या पुस्तकामागे धरून वाचली होती. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून १९३८ साली आपल्या कोल्हापुरात आले ते इथलेच झाले. 'ययाति' १९५९ची. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते खांडेकरांना, तेही याच कादंबरीच्या नावावर. आज आपण तिचं नाव आदराने घेतो, पण आत काय आहे? मेलेल्याला उठवणारी विद्या, शाप, एका रात्रीत येणारं म्हातारपण, आणि एक राजा दोन बायकांमध्ये. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही 'मी' म्हणून बोलतात आणि पुराणातली माणसं शेजारच्या गल्लीतल्या माणसांसारखी कुढतात, चिडतात, भाळतात. जुन्या गोष्टीतलं पात्र उचलून आजच्या मनात आणून बसवायचं, हेच तर तुमची मुलगी वाचते आहे. दर्जात फरक आहे, भलताच आहे. ओढ मात्र तीच. (मुलाकडे तारुण्य मागणाऱ्या बापाची ती गोष्ट आईबाप झाल्यावर एकदा पुन्हा वाचा. फार वेगळी लागते.)

माणसाचं आणि माणूस नसलेल्याचं प्रेम आपल्याकडे नवीन नाही. माझी आजी विहिरीवर एकटीला जाऊ द्यायची नाही. तिथे साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या अप्सरा, असतात म्हणायची. शेंदूर लावलेले सात दगड, त्यांना खण आणि हिरव्या बांगड्या. शंतनूची गंगा घ्या. आणि सगळ्यात जुनी, उर्वशी-पुरूरव्याची जोडी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात दोघांचा संवादच आहे, तोही ताटातूट झाल्यानंतरचा.

शतपथ ब्राह्मणात ही गोष्ट सविस्तर येते. अप्सरा मर्त्य राजाकडे राहायला येते, पण अटी घालून. एक अट अशी, की माझी इच्छा नसताना जवळ यायचं नाही. दुसरी, तू मला कधी उघडा दिसता कामा नयेस. मग गंधर्व रात्री तिची कोकरं पळवतात, राजा तसाच उठून धावतो, वीज चमकते आणि ती नाहीशी होते. पुढे तो तिला शोधत फिरतो, तेव्हा ती सख्यांबरोबर पाखरू होऊन सरोवरात पोहत असते.

त्या आईला मी एवढंच म्हटलं, की नायक राक्षस आहे की यक्ष, याची काळजी करू नका. त्या गोष्टीत अट कोण घालतं आणि कोण पाळतं, ते बघा.

जगभरच्या परीकथा या एका प्रश्नावर घासून बघता येतात. झोपलेल्या राजकन्येची गोष्ट आपण लहान मुलींना किती प्रेमाने सांगतो. सतराव्या शतकात इटलीत बाझिलेने ती लिहिली, तेव्हा राजा तिच्याजवळ येतो ती झोपेत असताना, आणि जुळी मुलं होतात तीही झोपेतच. तिला विचारणार कोण? चुंबन ही नंतरची सारवासारव. अँडरसनची जलपरी (१८३७) तर माणूस व्हायला आपला आवाजच देऊन बसते. उलट १७५६ सालच्या फ्रेंच गोष्टीतलं ते भयंकर श्वापद बघा. सुंदरी त्याच्या वाड्यात येते ती बापाच्या जिवावरचं संकट स्वतःवर घेऊन, म्हणजे सुरुवात जुलमाचीच. तरी रोज रात्री जेवणाच्या वेळी ते तिला विचारतं, माझ्याशी लग्न करशील? ती नाही म्हणते. ते उसासा टाकून निघून जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तोच नकार, आणि दार काही कुणी फोडत नाही.

आता २००५ सालची 'ट्वायलाइट', ज्या कादंबरीने या लाटेला जोर आणला. नायक रक्तपिशाच, दिसायला सतरा वर्षांचा, खरं वय शंभराच्या घरात. तो रात्री खिडकीतून नायिकेच्या खोलीत शिरतो आणि ती झोपलेली असताना बघत बसतो. तिला नंतर कळतं, आणि ती सुखावते. लेखिकेने याला प्रेम म्हटलंय. रंकाळ्यावर एखादा पोरगा आपल्या मुलीच्या मागे तीन दिवस फिरला, तर आपण त्याला काय म्हणतो?

त्या मुलीला मी घरी बोलावलं. आईला म्हटलं, तुम्ही स्वयंपाकघरात चहा करा, बाहेर येऊ नका.

"काय वाचालीस?" मी विचारलं.

"काही न्हाई. आता फोनच न्हाई." मग जरा वेळाने, "यक्षाची गोष्ट वाचत होतो, बाई." आपल्या कोल्हापूरच्या मुली स्वतःला 'वाचत होतो'च म्हणतात. मी एकतीस वर्षं ते सुधारलं नाही, आता काय सुधारणार?

"तो यक्ष तिला काही विचारतो का गं कधी?"

ती विचारात पडली. "तेरा प्रकरणं झाली. हात धरून ओढून न्हेतो, गाडीत बसवतो, दुसऱ्या मुलाशी बोलली की चिडतो. विचारत मात्र न्हाई." आणि आपणच हसली. "येडाच हाय की तो."

तिच्या यक्षाचं मी एका अक्षराने वाईट बोलले नव्हते.

सगळं इतकं सोपं नसतं, हे मलाही कळतं. काही गोष्टी खरोखर वंगाळ असतात, त्यावरचं वयाचं बंधन मुलं एका बोटाने ओलांडतात. झोपेचं खोबरं होतं ते वेगळंच. फोन रात्री दहाला बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लागला पाहिजे, यात मी तडजोड सांगणार नाही. पण तो नियम घरातल्या सगळ्यांना, वडिलांच्या फोनसकट.

उरला अबोला. त्र्यंबोलीची गोष्ट तुम्हाला मी काय सांगायची? कोल्हासुराच्या वधानंतर तिला मान द्यायचा राहून गेला, म्हणून ती रुसली आणि गावाकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. अंबाबाईने तिला दरबारात बोलावून घेतलं नाही. ती स्वतः टेकडी चढून गेली. अजून दर ललिता पंचमीला पालखी जाते, कोहळा फुटतो, बहिणी भेटतात.

मंगळवार पेठेतल्या आईने लेकीच्या अंथरुणावर बसून ती गोष्ट पहिल्या प्रकरणापासून वाचायला घेतली. काल तिचाच फोन आला, रात्री साडेनऊला: "बाई, बावीस प्रकरणं झाली, ह्या यक्षाला कुणी चार शब्द सुनावणार हाय का न्हाई?" मागून पोरगी ओरडत होती, "आई, पुढचं सांगू नगंस!"

तुम्ही ललिता पंचमीपर्यंत थांबू नका. आज रात्री फोन मागण्याआधी तिला एवढंच विचारा, कितव्या प्रकरणावर आलीस?