बस्ता सुरतेचा, काळजी आपली
(शेती व आरोग्य : घरगुती पाठ)



वांग्यावर फवारणी केली की काही दिवस तोडणी करायची नाही, हे आता घरातल्या पोरांनाही ठाऊक असते. औषधाचा अंश मालात राहतो आणि तो पोटात जाऊ नये, म्हणून आपण थांबतो. मात्र असाच अंश अंगावरच्या कपड्यात, पायातल्या चपलेत आणि घरातल्या कपाटातही राहू शकतो, याकडे आपले लक्ष जात नाही. आजचा पाठ त्याविषयी आहे.

खानदेशात आणि नवापूर-नंदुरबारकडे लग्न ठरले की बस्ता बांधायला सुरत गाठायची, ही जुनी रीत आहे. तिथे स्वस्त आणि रंगीत माल मिळतो. आपल्या गावांतली कितीतरी मुले उधना, पांडेसरा, सचिन या भागांत रंगाईच्या आणि छपाईच्या कामावर आहेत. म्हणून हा विषय आपल्याला दोन्ही बाजूंनी लागू होतो. कपडा घेणारे आपण आणि रंगवणारेही आपलेच.

1. कपड्यात काय राहते?

सुरतेची साडी बहुतेक पॉलिस्टरची असते. हा धागा पाणी पीत नाही. म्हणून त्याला सुमारे 130 अंश सेल्सिअस उष्ण पाण्यात, दाबाखाली रंगवतात. रंगाचे सूक्ष्म कण धाग्यात शिरून बसतात, पण धाग्याशी त्यांची पक्की रासायनिक गाठ पडत नाही. वरवर चिकटलेला जादा रंग कॉस्टिक सोडा आणि ‘हायड्रो’ यांच्या पाण्यात धुऊन काढावा लागतो. ही धुलाई अपुरी झाली तर तो रंग घामाबरोबर कातडीवर उतरतो. काखेत, मानेवर, कमरेच्या पट्ट्यात खाज आणि पुरळ उठते. काही गडद निळे रंग यासाठी विशेष प्रसिद्ध आहेत.

सुरकुती न पडणाऱ्या सुती किंवा मिश्र कापडाला फॉर्मलडिहाइड असलेला लेप देतात. नव्या कपड्याचा उग्र वास पुष्कळदा अशा लेपाचा असतो. त्यानेही डोळे चुरचुरतात व त्वचा लाल होते.

ॲझो जातीच्या काही रंगांचा धोका आणखी मोठा आहे. ते शरीरात किंवा कातडीवरील जंतूंमुळे फुटतात व त्यांतून कर्करोग करणारी ॲमिन द्रव्ये निघतात. 1895 साली फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेहन यांना रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग आढळला, तेव्हापासून या शंकेला सुरुवात झाली. जर्मनीने 1994 साली अशा रंगांविरुद्ध कायदा केला. भारतानेही 1990 नंतरच्या दशकात बेंझिडिनचे आणि इतर ॲझो मिळून 112 रंगांवर बंदी घातली. सगळे ॲझो रंग वाईट नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. परंतु विनानावाच्या, विनाबिलाच्या मालात कोणता रंग आहे, हे सांगणारा कोणी नसतो.

2. चपलेत काय राहते?

आजचे बहुतेक कातडे क्रोमच्या मिठाने कमावतात. हे क्रोम साध्या रूपात फारसे घातक नसते. पण कमावणीत चूक झाली, किंवा कातडे फार तापले, तर त्यातले थोडे षट्‌संयुजी क्रोम बनते आणि ते कातडीला झोंबते. युरोपीय संघाने 2015 पासून कातडी वस्तूंत त्याची मर्यादा किलोला 3 मिलिग्रॅम ठेवली आहे. रबरी चपलेत रबर पक्के करणारी द्रव्ये व तळ चिकटवणारा गोंद यांमुळेही अशीच खाज येते.

ओळखायची खूण सोपी आहे. पुरळ नेमके पट्ट्याच्या आकाराचे, दोन्ही पायांवर सारखे उठते. नायटा बहुधा गोल पसरत जातो. शेतात पाय दिवसभर ओले राहिले की घाम आणि पाणी ही द्रव्ये चपलेतून बाहेर ओढतात, म्हणून आपल्याला हा त्रास जास्त. बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेल्या पारंपरिक कोल्हापुरी चपलेत क्रोमचा प्रश्न येत नाही.

परदेशातही हे घडले आहे. गोदामात बूट आणि सोफे बुरसू नयेत म्हणून डायमिथिल फ्यूमरेटच्या पुड्या आत ठेवत. त्याची वाफ कापडात व कातड्यात मुरली आणि बसणाऱ्यांच्या पाठीला, मांड्यांना भाजल्यासारखे फोड आले. 2009 साली युरोपीय संघाने असा माल बंद केला.

3. कपाटात काय राहते?

प्लायवूड आणि भुशाचे पाट चिकटवणाऱ्या डिंकात युरिया व फॉर्मलडिहाइड असतात. युरिया आपल्या ओळखीचा, पण त्याचा सोबती नाक-डोळ्यांना झोंबतो. उष्ण व दमट हवेत तो अधिक सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन विभागाने 2004 साली त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत घातले. कपाट जुने होते तसा वास कमी होत जातो. पहिले काही महिने जपायचे. रंगातील शिशाविषयीही सावध राहावे. घरगुती रंगात शिसे 90 भाग प्रतिदशलक्षाहून जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे 2017 पासून लागू आहे. जुन्या पाळण्याचे पोपडे मात्र अजून शिल्लक आहेत आणि मुले ते तोंडात घालतात.

4. घरी काय करावे?

कोणताही नवा कपडा घालण्यापूर्वी साबणाने दोनदा धुवावा. बाळाच्या बाप्तिस्म्याचा झगा आणि नाताळचे कपडेही यातून सुटत नाहीत. पाण्याला रंग सुटत राहिला तर त्या साडीची झोळी किंवा बाळाची गोधडी करू नये. त्यासाठी वर्षानुवर्षे धुतलेले मऊ लुगडेच बरे, हे आपल्या आज्यांचे शहाणपण खरे आहे.

नवी चप्पल दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवावी. ओली चप्पल चुलीजवळ न वाळवता सावलीत वाळवावी. पुरळ उठले तर ती वस्तू लगेच बंद करून ती घेऊनच डॉक्टरांना दाखवावे. दुकानातून मनाने आणलेल्या मिश्र मलमाने रोग दबतो आणि पुढे बळावतो.

नवे कपाट आणले की दारे उघडी ठेवून खोली हवेशीर ठेवावी. बाळंतिणीच्या खोलीत ते लगेच मांडू नये.

आणि एक सवय आजच सोडावी. जुन्या चपला, प्लायवूडचे तुकडे, रंगवलेली लाकडे चुलीत किंवा बंबात घालू नयेत. त्यांच्या धुरात विषारी वायू असतात आणि तो धूर प्रथम स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जातो. औषधाचे रिकामे डबेही पाण्याला वा धान्याला वापरू नयेत.

5. रंगवणाऱ्यांची काळजी

साडी नेसणाऱ्याला मिळतो तो अंश थोडा असतो. मिलमधल्या माणसाला तो रोज आणि भरपूर मिळतो. आपल्या मुलांना सांगा, रंगाची पूड मळताना हातमोजे व नाकाला पट्टी हवी, आणि हाताचा रंग काढायला हायड्रो किंवा घासलेट वापरू नये. लघवीत रक्त दिसले, दुखत नसले तरी, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावे व आपले काम कोणते ते आवर्जून सांगावे. हा रोग काम सोडल्यावर कित्येक वर्षांनीही उठू शकतो.

6 जानेवारी 2022 रोजी पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात बेकायदा रसायन सोडले जात होते. त्यातून विषारी वायू उठला आणि शेजारच्या मिलमधले 6 कामगार गेले. त्यांनी ना स्वस्त साडी विकली होती, ना टँकर आणला होता. स्वस्त मालाची उरलेली किंमत अशी कोणीतरी दुसराच भरत असतो. विहिरीच्या किंवा नाल्याच्या पाण्याला रंग वा उग्र वास आला तर ते गुरांना पाजू नये, पिकाला देऊ नये, आणि गावाने मिळून लेखी तक्रार करावी. एकट्याच्या तोंडी तक्रारीला वजन नसते.

घाबरून नवे कपडे सोडण्याचे कारण नाही. आपण तोडणीला थांबतो ते दुसऱ्याच्या ताटासाठी. तेवढीच काळजी आपल्या अंगासाठी आणि रंगवणाऱ्या हातांसाठी घ्यावी.

घरी चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या घरात बाळाची झोळी कोणत्या कापडाची आहे? ते किती वेळा धुतले आहे?
2. चुलीत किंवा बंबात आपण काय काय जाळतो?
3. आपल्या गावातून रंगाईच्या कामावर कोण गेले आहे? त्याला शेवटचे कधी विचारले, प्रकृती कशी आहे?