मुलाची फाईल कोणी पाहावी?

मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे न्यायचे ठरले, की बहुतेक आईवडिलांच्या मनात उपचाराच्या आधी एक प्रश्न येतो : 'हे कोणाला कळणार तर नाही ना?' ही शंका अगदीच निराधार नाही. कोणाची थट्टा करायची झाली की 'याला ठाण्याला पाठवा' असे सर्रास म्हटले जाते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे, वागळे इस्टेटपासून जवळच. ज्या गावाचे नावच थट्टेत घेतले जाते, तेथील पालकांना भीती वाटली तर नवल नाही. पण या भीतीपायी उपचार लांबतात आणि नुकसान मुलाचे होते. म्हणून नोंदींची गुप्तता हाही उपचाराचाच एक भाग आहे.

नोंदी कोठे कोठे असतात?

आपल्याला वाटते त्यापेक्षा मुलाची माहिती अधिक ठिकाणी असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात दोष, आजार, पोषणातील कमतरता आणि वाढीतील विलंब तपासतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणी होते. कार्यक्रम उपयुक्त आहे, पालकांनी मुलांची तपासणी अवश्य करून घ्यावी. परंतु प्रत्येक तपासणीबरोबर एक नोंद तयार होते हेही लक्षात असू द्यावे. याशिवाय समुपदेशकाच्या टिपणवह्या, अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र, कंपनीच्या मेडिक्लेमला जोडलेले रिपोर्ट आणि झेरॉक्सच्या दुकानात विसरलेली प्रत, अशा अनेक जागा आहेत.

मूल वाढते, बदलते. कागद मात्र बदलत नाही. आठव्या वर्षी 'वर्गात लक्ष नाही, चिडखोर' असे लिहिलेले मूल पंधराव्या वर्षी अगदी वेगळे असू शकते. तो जुना शेरा हातोहात फिरला, तर नवे शिक्षक मुलाला भेटण्याआधी शेऱ्यालाच भेटतात.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. संगणकावरील माहितीलाही हेच लागू होते. कलम २४ प्रमाणे रुग्णाचे छायाचित्र किंवा माहिती संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षे जपावे लागतात आणि मागणी केल्यास ७२ तासांत द्यावे लागतात. म्हणजे माहिती इतरांपासून झाकलेली, पण रुग्णाला व मुलाच्या पालकांना मिळण्याजोगी असली पाहिजे.

शाळेला किती सांगावे?

येथे एक सोपा नियम उपयोगी पडतो. मुलाला काय झाले आहे, हे सर्वांना सांगण्याची गरज नसते. मुलाला काय हवे आहे, तेवढे संबंधिताला सांगावे. 'याला पहिल्या बाकावर बसवा', 'याला उत्तर लिहायला थोडा वेळ जास्त द्या', एवढे वर्गशिक्षकांना पुरते. बोर्डाच्या परीक्षेतील सवलतीसाठी अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. ते मुख्याध्यापकांच्या कपाटात असावे, वर्गात वाचून दाखवू नये. अध्ययन अक्षमता हा मानसिक आजार नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिचा समावेश आहे.

काही आजार मात्र लपवू नयेत. फेफरे, दमा, मधुमेह किंवा एखाद्या पदार्थाची तीव्र ॲलर्जी असेल, तर वर्गशिक्षक व खेळाचे शिक्षक यांना ते ठाऊक हवेच. तेथे मौन जिवावर बेतू शकते.

गुप्तता कोठे थांबते?

मूल स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला अपाय करण्याची भाषा करीत असेल, तर समुपदेशकाने पालकांना सांगितलेच पाहिजे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. त्याच कायद्याने अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास बंदी आहे. म्हणून मुलाला 'मी हे कोणालाही सांगणार नाही' असे वचन देऊ नये. 'गरजेच्या माणसांनाच सांगेन आणि तुला आधी सांगून सांगेन', असे म्हणावे. विशेषतः वयात आलेली मुले एवढ्या आश्वासनावर मन मोकळे करतात. ती काय बोलली याचा शब्दन् शब्द समुपदेशकाकडे मागू नये.

पालकांनी एवढे करावे

१. घरी मुलाची एक स्वतंत्र फाईल ठेवावी. मूळ कागद कोणालाही देऊन टाकू नयेत.

२. कोणी रिपोर्ट मागितला तर विचारावे : कशासाठी हवा, कोण पाहणार, कोठे ठेवणार?

३. पूर्ण अहवालाऐवजी डॉक्टरांकडून गरजेपुरती दोन ओळींची चिठ्ठी मागावी.

४. कंपनीत मेडिक्लेमचे कागद बंद पाकिटात द्यावेत.

५. रिपोर्टचा फोटो वर्गाच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. सल्ला विचारण्यासाठीसुद्धा नाही.

६. मुलासमोर पाहुण्यांना त्याच्या उपचाराची हकिगत सांगू नये. ते सारे ऐकत असते.

शिक्षकांनीही शिक्षकांच्या खोलीत मुलाचे नाव घेऊन चर्चा टाळावी. शेजाऱ्याच्या मुलाविषयी काही कळले, तर ते आपल्यापाशीच थांबवावे.

उपचाराला जाण्याचा संकोच वाटत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मुलाच्या मनाची तक्रार पोटदुखीइतकीच साधेपणाने डॉक्टरांपुढे मांडावी, आणि पोटदुखीची जाहिरात आपण करीत नाही तशीच हिचीही करू नये.